थेट विमान

"पेटीतला लठ्ठा कुठं गेला?"

सालेहा वाटूरच्या शाळेत शिकवायला निघाली होती. खांद्याला पर्स, हातात डबा, आणि चौकात वाटूरची जीप हॉर्नवर हॉर्न देत होती. आतल्या खोलीत अब्बा लोखंडी पेटीसमोर उकिडवे बसले होते.

"कुठला लठ्ठा, अब्बा?"

"तुझ्या अम्मीचा. कोरा. शालीच्या खाली ठेवल्ता. माझ्या डोळ्यासमोर ठेवल्ता."

"धुवायला काढला असेल."

"कोरा कपडा धुतेत का कुणी?"

घरात बोलणं उर्दूत चाले, पण संशय आला की अब्बा, म्हणजे सिराजोद्दीन, मराठीवर येत. उभा जन्म परतूरच्या स्टेशन रोडवर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात गेला होता आणि ती हुज्जत मराठीत होती. त्यामुळे भांडायला त्यांना हीच भाषा सोयीची वाटे. पलीकडे स्वयंपाकघरात तिच्या अम्मीनं, रहिमाबींनी, तवा जरा जोरातच आपटला. म्हणजे त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"आन् परवा तिच्या दंडाला कापूस होता," अब्बा आवाज खाली आणून म्हणाले. "जालन्याला गेल्ता तुम्ही दोघी. चष्म्याचा नंबर काढायला. चष्म्याची सुई दंडात मारतेत का?"

"बी.पी.चं इंजेक्शन होतं ते."

"बी.पी.ला गोळी अस्ती. मला नको शिकवू."

सालेहा वाकून चपला घालू लागली. खोटं बोलताना पायांकडे बघणं तिला सोपं जाई. अब्बांनी पेटी बंद केली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि मग पुन्हा एकदा ओढून पाहिलं. दुकानाचं शटर असो, घराचं दार असो, त्यांचा एकदा ओढण्यावर विश्वास नव्हता. दूधवाल्याचं माप, टीव्हीवरच्या बातम्या, निवडणुकीतली शाई, सगळ्याकडे ते त्याच नजरेनं बघत. गल्लीत त्यांना शक्की सिराज म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. असं म्हणणाऱ्यांवरही त्यांचा संशय होता.

जीपमध्ये बसल्यावर सालेहाला हसू आलं, आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. तो लठ्ठा रहिमाबींनी स्वतःच्या कफनासाठी घेतला होता. गल्लीतल्या बायका उमराहच्या यात्रेला निघाल्या की असा कोरा कपडा सोबत नेत, मक्केत जमजमच्या पवित्र पाण्यात भिजवत, वाळवत, आणि परत आणून पेटीच्या तळाशी ठेवत. बाईची वेळ येईपर्यंत तो तिथेच असे. शेजारपाजारच्या पेट्यांतले कपडे भिजून आले होते. शेकडो लोकांना विमानात बसवणाऱ्या माणसाच्या बायकोचा कपडा तेवढा कोरा राहिला होता.

तो आता पेटीत नव्हता. तो रहिमाबींच्या प्रवासाच्या बॅगेत होता आणि ती बॅग सालेहाच्या कपाटात होती. दंडातली सुई उमराहला जाणाऱ्यांना घ्यावी लागणाऱ्या लसीची होती. आणि तिकीट काढलं होतं अब्बांच्या दुकानासमोर तिकिटं विकणाऱ्या कलीमकडून, परदेशी विमानाचं.

अब्बांचं 'सिराज टूर्स' म्हणजे एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या आणि टेबलावर प्लास्टिकचं एक विमान. आपल्या देशातल्या एका कंपनीनं कधीतरी एजंटांना वाटलेलं. त्याचा एक पंख तुटलेला होता आणि चिकटवताना जरा वाकडा बसला होता. परतूर, आष्टी, वाटूरकडची माणसं आखातात गवंडीकामाला, गाडी चालवायला गेली, ती याच टेबलावरून. अब्बा स्वतः कधी विमानात बसले नव्हते. कुणी चिडवलंच तर म्हणत, "पोस्टमन काय पाकिटात बसून जातो का?"

त्यांचा नियम एकच होता. विमान आपल्या देशातल्या कंपनीचं, आणि थेट. मुंबईत बसायचं, जिथं जायचं तिथं उतरायचं. परदेशी विमानं आधी त्यांच्या राजधानीत नेत, तिथं उतरवत, दुसऱ्यात बसवत; वर तिकीटही स्वस्त देत. त्या स्वस्ताईचा अब्बांना भयंकर संशय येई. आणि गावाला अब्बांचा संशय येई. स्वस्त सोडून हा माणूस महाग का विकतो? कंपनीचा माणूस असला पाहिजे. सालेहानं हे लग्नाच्या पंगतीत ऐकलं होतं, जीपमध्ये ऐकलं होतं. तिला स्वतःलाही ते कधीकधी खरं वाटे. इतक्या पुस्तकांनी तिला एवढं शिकवलं होतं की माणूस तत्त्वाची भाषा फार करू लागला, तर त्याच्या टेबलावर काय ठेवलंय ते बघावं.

गेल्या वर्षी अब्बांनी शेवटी स्वतःची आणि रहिमाबींची जागा धरली होती. आपलं विमान, थेट जेद्दाह. सोबत तालुक्यातली बरीच मंडळी होती. मग कंपनीनं तो मार्गच बंद केला. परदेशी सरकारी कंपन्यांच्या दरापुढं टिकता येत नाही, असं कारण होतं. तसा संदेश अब्बांच्या मोबाइलवर आला, पण त्यांनी तो फसवणुकीचा समजून पुसून टाकला, वर सगळ्या गिऱ्हाइकांना बजावलं, "असा मेसेज आला तर बोट लावू नका, लुटारू फिरायलेत." खरं कळलं तोवर उशीर झाला होता. लोक रस्ता ओलांडून कलीमकडे गेले आणि त्यानं एकेकाला परदेशी विमानात बसवून दिलं. अब्बा गेले नाहीत. "चालू होईल परत," ते म्हणाले. "शेखाच्या मेहेरबानीनं मला अल्लाहच्या घरी जायचं न्हाई."

हिवाळ्यात रहिमाबींचे गुडघे आणखी धरले. मग एका दुपारी त्यांनी बुरखा घातला आणि नवरा जेवून झोपलेला असताना कलीमच्या दुकानात जाऊन आल्या.

"एजंटाच्या बायकोनं समोरच्याकडून तिकीट काढलं," सालेहा म्हणाली होती, "गाव काय म्हणेल, अम्मी?"

"गाव म्हणंल, बाई शहाणी हाय. तू तोंड बंद ठेव. तुला माझी शपथ."

संध्याकाळी जीपमधून उतरून सालेहा दुकानात आली, तेव्हा तातेराव गुरुजी अब्बांसमोर बसले होते. आष्टीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या आणि बेबीनंदाबाईंच्या मुलाला, मिथुनला, दुबईला अब्बांनीच पाठवलं होतं.

"नातू रांगायलाय म्हणे," गुरुजी सांगत होते. "मिथुन म्हणतो, या बघायला. मी आन् बेबीनंदा. पण सिराजभाई, कलीम लई कमी सांगून राह्यलाय."

अब्बांनी चष्म्यावरून पाहिलं. "का कमी सांगून राह्यलाय? तेल काय त्याच्या सासऱ्याचं हाय?"

"त्याच्या सासऱ्याचं न्हाई, पण त्या शेखाचं तर हाय की! विहिरीच त्यांच्या."

"तेच म्हणतो मी. विमान राजाचं, विमानतळ राजाचं, तेल राजाचं. तिकीट घाट्यात विकलं तर घाटा कुणाचा? राजाचा. त्याला काय फरक पडतो? आपली कंपनी घाट्यात गेली की बँक दारात येती."

"मंग आपलं काय जातंय? राजा देऊन राह्यला, गपचूप घ्यावं."

"आज देऊन राह्यला. आपली विमानं एकदा बंद पडू द्या. गुरुजी, मोंढ्यात नवा अडत्या येतो, पहिल्या साली कापसाला चढा भाव देतो का न्हाई? आन् जुने अडते उठल्यावर?"

गुरुजींनी मान हलवली. परतूरच्या मोंढ्यात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हळूच म्हणाले, "ते बराबर हाय. पण जुने अडते बी काय साधू नव्हते, सिराजभाई. काटा मारायचेच की."

अब्बांनी प्लास्टिकच्या विमानावरची धूळ बोटानं पुसली.

"राग नका मानू," गुरुजी म्हणाले, "पण लोक म्हणतेत म्हणून इचारतो. कंपनी तुम्हाला काही देती का?"

"देती की. हे काय, विमान दिलंय. मोडक्या पंखाचं."

दोघंही हसले. गुरुजी उठले, "बेबीनंदाला विचारून सांगतो" म्हणाले, जय भीम घातला आणि पायरी उतरले. रस्ता ओलांडण्याआधी त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. अब्बांनी तेवढ्यापुरतं संगणकात डोकं घातलं, म्हणजे गुरुजींना अवघडायला नको.

मग त्यांनी संगणक बंदच केला.

"सालेहा, खरं सांग. काय झालंय तिला?"

"कुणाला?"

"मी येडा न्हाई. कफन बाहेर काढलंय. मी आलो की फोन ठेवती. जालन्याला सुई घेऊन आली. आन् काल शेजारच्या सगुणाबाईला काय म्हणली ठाऊक हाय? 'कहा-सुना माफ करा, काही चुकलं असंल तर.' मी भिंतीच्या अलीकडं होतो. असं माणूस कधी म्हणतं?"

सालेहाला अम्मीची शपथ आठवली. लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूसही असंच म्हणतं. उमराहला जायचं तर आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची माफी मागून घ्यायची, ही रीत अब्बांनीच गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितली होती. पण आपल्या घरातून कुणी निघालं असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसानं बायकोवर मात्र चुकीचा संशय घेतला होता.

"किती दिवस दिलेत डॉक्टरनं?"

"अब्बा, तसं काही नाही."

"बिलकुल खोटं." ते उठले. त्यांनी शटर ओढलं. एरवी सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाल्याशिवाय ते दुकान बंद करत नसत. कुलूप लावलं, ओढलं, पुन्हा ओढलं. आणि घराच्या दिशेनं न वळता सरळ रस्ता ओलांडला.

कलीमच्या दुकानात गारवा होता. भिंतभर काचेच्या उंच इमारती आणि त्यावरून जाणारं पांढरंशुभ्र विमान होतं. तातेराव गुरुजी आत बसलेले होते. अब्बांना पाहून ते अर्धवट उठले आणि तसेच राहिले. कलीम मात्र पूर्ण उठला. हा धंदा तो अब्बांच्याच टेबलावर शिकला होता, आणि वेगळं दुकान टाकल्यापासून अब्बांनी त्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं. मामू भांडायला आले, असंच त्याला वाटलं असावं.

"या मामू. बसा."

"बसायला न्हाई आलो. उमराहची दोन तिकिटं काढ. तुझ्याच विमानाची. जल्दीत जल्दी कवाचं मिळंल ते."

कलीमनं सालेहाकडे पाहिलं.

"तिच्याकडं काय बघतो? माझ्याकडं बघ." अब्बा टेबलावर वाकले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "ते मधलं विमानतळ. तिथं किती चालावं लागतं? तिच्या गुडघ्यात दम न्हाई. आन् तिला वाचता येत न्हाई, कलीम. पाटी कळत न्हाई. तिथं माणूस... हरवत तर न्हाई ना?"

सालेहा दाराशी उभी होती. कंपनी, राजा, अडत्या, घाटा, हे सगळं इतकी वर्षं ती ऐकत आली होती, आणि त्या सगळ्याच्या तळाशी हे असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. थेट विमान. बसलं की उतरलं. मधे कुठं हात सुटायचा प्रश्न नाही.

"न्हाई हरवत, मामू," कलीम सावकाश म्हणाला. "चाकाची खुर्ची येती. माणूस सोबत असतो. मी लिहूनच दिलंय तसं मामीसाठी."

"कुणासाठी?"

"मामीचं तिकीट झालंय, मामू. पुढच्या गटात. त्या बोलल्या, तुम्हाला सांगू नका."

गुरुजी खाली बघू लागले. 

अब्बा हळूहळू खुर्चीत बसले. सालेहाला वाटलं, आता ओरडतील.

"म्हणजे ती बिमार न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही अब्बा. ती लस होती. प्रवासाची."

"बिमार न्हाई," ते स्वतःशी म्हणाले. कलीमनं पाणी पुढं केलं. त्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला आणि मग प्यायले.

"तुमचं एक काढू का मामू? त्याच गटात बसवतो."

अब्बांनी काचेतून बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडं त्यांचं दुकान होतं. बंद शटरसमोर एक शेळी बसली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "दुकान कोण बघंल?"

दुसऱ्या दिवशी अब्बांनी कुठूनतरी गडद हिरव्या कापडाची चिंधी आणली आणि सालेहानं दाखवलेली बॅग कपाटातून काढून तिच्या मुठीला बांधू लागले.

"हे काय?" रहिमाबी दारात थबकल्या.

"सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतेत. हिरवं दिसलं की आपली." गाठ मारता मारता ते म्हणाले, "मधे उतरलं की एका जागी बसायचं. खुर्ची येईस्तोवर त्यांचा राजा खुद्द आला तरी उठायचं न्हाई."

रहिमाबी बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"धंदा बसला म्हणून कान बसलेत का माझे?"

"चलता का मग?"

"पुढच्या खेपेला. थेट चालू होऊ दे." त्यांनी गाठ ओढून पाहिली. मग पुन्हा एकदा.

स्टेशनावर ते मुंबईच्या गाडीला पोचवायला आले, गटातल्या प्रत्येकाला "बाईकडं लक्ष असू द्या" म्हणाले, आणि गाडी हलली तशी चहावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडू लागले. दुसऱ्या दिवशी सालेहानं त्यांना मोबाइलवर विमान दाखवलं. निळ्या समुद्रावर एक पिवळं ठिपक्याएवढं विमान इंचाइंचानं सरकत होतं.

"हे खरं हाय का नुस्तं चित्र?"

"खरंय, अब्बा."

"तुला काय ठाऊक?" म्हणाले, पण मोबाइल परत दिला नाही. ठिपका किनाऱ्याला लागेपर्यंत ते जेवायलाही उठले नाहीत.

मग रहिमाबींचा फोन आला. मधल्या विमानतळावरून.

"खुर्ची आली जी. ढकलणारा पोरगा बीडचा हाय."

"बीडचा?"

"हां. माझं बोलणं ऐकून म्हणला, मावशी, तुम्ही मराठवाड्याच्या का? चहा बी पाजला."

अब्बांनी फोन ठेवला. "माणसं आपली, पोरं आपली," ते म्हणाले. "नुस्तं विमान त्यांचं." आणि थोड्या वेळानं, "जाताना खुर्ची दिली. बघू, येताना देतेत का."

येतानाही दिली.

रहिमाबी खजूर घेऊन आल्या, जमजमचा कॅन घेऊन आल्या, आणि लठ्ठा घेऊन आल्या. तो भिजून, वाळून कडक झाला होता, पापडासारखा. अब्बांनी तो नाकाला लावला, उजेडाला धरला.

"जमजममध्येच भिजवला ना? का हॉटेलातल्या नळाखाली?"

"तुम्ही कबरीत फरिश्त्यांना बी ओळखपत्र मागाल!"

अब्बा हसले. फार दिवसांनी, मोकळे हसले. कपड्याची घडी त्यांनी स्वतः पेटीच्या तळाशी ठेवली, शालीच्या खाली.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. समोरून कलीमला दिसलं की मामूंनी टेबलावर डोकं टेकवलंय. जेवणानंतर ते असे टेकत, म्हणून त्यानं एक गिऱ्हाईक होऊ दिलं. पुन्हा पाहिलं तरी ते तसेच होते. मग तो रस्त्यात काय येतंय न बघता पळाला.

अंगणात माणसं जमली. तातेराव गुरुजी आष्टीहून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कफनाचा कपडा आणायला कुणीतरी बाजाराकडे निघालं, तेव्हा आतून रहिमाबींचा आवाज आला, "थांबा."

त्या पेटी उघडून लठ्ठा घेऊन आल्या. मय्यतीला गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, घालणारे बुजुर्ग तो हातात घेऊन घुटमळले. "भाभी, हा तुमचा हाय. इतक्या लांबून आणलेला."

"कुणाचा हाय ते मला ठाऊक हाय. फाडा."

पुरुषाला तीन कपडे लागतात, बाईला पाच. त्यांनी मापानं तीन फाडले. फाडताना तो कडक लठ्ठा मोठ्यानं आवाज करत होता, आणि प्रत्येक आवाजाला सालेहा डोळे मिटत होती. रहिमाबी बघत होत्या. उरलेला तुकडा त्यांच्या हातात परत आला. बाईला जास्तीचे लागतात त्या दोन कपड्यांपुरता, ओढणीचा आणि छातीवर बांधायचा, तेवढाच.

पुढं कधीतरी, येणंजाणं संपल्यावर, त्यांनी सालेहाला पेटीचं झाकण धरायला सांगितलं. तुकड्याची लहानशी घडी त्यांनी शालीच्या खाली सरकवली.

"अम्मी, बाकीचं?"

"बाकीचं परत जाऊन भिजवून आणावं लागंल."

"कलीमला सांगू?"

रहिमाबींनी शाल नीट केली. तिच्या कडेवरून हात फिरवला.

"थेट विमान चालू झालं की सांग," त्या म्हणाल्या. "मला घाई न्हाई."

झाकण खाली आलं. त्यांनी कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. उठण्यासाठी एक हात जमिनीवर टेकवला, मग थांबल्या, आणि कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.